पडद्याआडचं चाक

आमच्या थोरल्या जाऊबाईंना माहेरी, धारला, सगळे जीजी म्हणत. देवासला आल्यावर आम्हीही तेच म्हणायला लागलो. खरं नाव सरस्वती. उंच, काटक, सावळ्या, नाकात टपोरी मोरणी, आणि मागं कोणी येतंय का हे न बघता चालायची सवय. त्यांच्याबद्दल लिहायला बसले तेव्हा पहिल्यांदा मनात कौतुक आलं नाही, हेवा आला. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो जागचा हललेला नाही.

लग्न होऊन मी देवासला आले तेव्हा संस्थानं नुकतीच विलीन झाली होती. सासरच्या घराण्यात दोन-तीन पिढ्या दरबारची चाकरी. माझे थोरले दीर, ज्यांना घरात सगळे दादा म्हणत, ते दरबारात कारकून होते. दरबार गेला, कचेरी गेली, आणि दादा सकाळी उठून कोट-टोपी घालून नुसतेच ओट्यावर बसायला लागले. माझे यजमान शाळेत मास्तर होते म्हणून घराचं रहाटगाडगं चालू राहिलं. मग एक दिवस दादा महूहून एक मोटार घेऊन आले. लढाईत वापरलेली, लष्करानं लिलावात काढलेली. पुढं दोघांपुरती बसायला जागा आणि मागं उघडा हौदा. फौजी लोक तिला पिकप म्हणत, आमच्या गल्लीत तिचं नाव पडलं 'ठेला'. लोहारद्याच्या मंडीत मिरची, भुईमूग भरायचा, देवासला नाहीतर इंदूरला उतरवायचा, आणि भाडं मिळालं तर घाट उतरून धामनोदपर्यंत जायचं, असा दादांचा नवा धंदा सुरू झाला.

गाडी अंगणात निंबाखाली आणून लावली. जीजींनी तिला ओवाळलं, नारळ फोडला, ताम्हण माझ्या हातात दिलं आणि सरळ गाडीच्या मागं जाऊन वाकल्या. डाव्या चाकाच्या आतल्या बाजूनं बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला, आणि ते पदराला न पुसता निंबाच्या खोडाला पुसलं.

"गळतंय," त्या म्हणाल्या.

"जुनी गाडी आहे. थोडं गळणारच," दादा म्हणाले.

"हे थोडं ब्रेकवर गळतंय."

दादांनी ऐकलं नाही असं दाखवलं. चाकाला फिरवणारा जो लोखंडी दांडा असतो, एक्सल, त्याच्या टोकाशी चामड्याचं एक कडं बसवलेलं असतं. त्याला सील म्हणतात. आतलं जाड तेल बाहेर येऊ नये म्हणून ते असतं. ते झिजलं की तेल चाकात उतरतं, ब्रेकच्या पट्ट्यांवर पसरतं, आणि मग कितीही दाबा, चाक धरत नाही. हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा मला एवढंच दिसलं, की जीजी बोटाचा वास घेत होत्या आणि माझे यजमान भान हरपून त्यांच्याकडे बघत होते.

जीजींचे वडील धारला संस्थानच्या मोटारखान्यावर मुख्य मिस्त्री. घर मोटारखान्याला लागूनच. त्यांनी सगळं कसब मुलाला शिकवलं, बापूला. बापू लहान, त्याला पाना उचलायचा नाही, हात चेमटले की रडायचा. आणि वरच्या खिडकीत बसलेल्या त्याच्या बहिणीचं सगळं पाठ झालेलं. एकदा तिनं वरूनच सांगितलं, "बापू, उलटा फिरव." वडिलांनी मान वर करून खिडकी लावून घ्यायला सांगितली. ही गोष्ट जीजींनी मला एकदाच सांगितली, लसूण सोलताना. मी विचारलं, "मग?" त्या म्हणाल्या, "मग काय. खिडकीला फट होती."

दादांनी इंदूरहून एक मिस्त्री आणला. तो चाक काढून बसला, दादा शेजारी कंबरेवर हात ठेवून उभे, आणि जीजी ओट्यावर तांदूळ निवडत. मिस्त्रीनं नवं सील हातात घेतलं तशी त्या मला म्हणाल्या, पण अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात, "मालती, ते चामड्याचं कडं आहे ना, त्याला एक ओठ असतो. तो तेलाच्या बाजूला हवा, आत. हा भिया बाहेर करतोय." मिस्त्री थांबला. दादांचा चेहरा लाल झाला. "तू तुझे तांदूळ बघ," ते म्हणाले. मिस्त्रीनं दादांकडे बघितलं, दादांनी "लावा" म्हटलं, आणि त्यानं ते तसंच ठोकून दिलं. आठवड्यात चाक पुन्हा ओलं.

पुढच्या रविवारी दादा उज्जैनला एका नातलगाच्या लग्नाला गेले. त्यांचा टांगा गल्लीबाहेर पडला न पडला तोच जीजींनी पलंगपोस काढला, त्याचं एक टोक हौद्याला बांधलं, दुसरं निंबाच्या फांदीला, आणि मागच्या चाकाभोवती पडदा करून घेतला. लुगड्याचा काच्या घट्ट मारला, पदर कमरेला खोचला. पुढच्या चाकांना दगड लावले, मागून गाडी जॅकनं उचलून खाली लाकडी ठोकळे सरकवले. सील त्यांनी आदल्या दिवसापासून कोमट तेलात भिजत घातलेलं होतं. ते भांडं मी आंब्याच्या लोणच्याचं समजून फळीवर ठेवलं होतं.

माझे यजमान म्हणाले, "वहिनी, मी हात लावू का?"

"तुम्ही ओट्यावर बसा भाऊजी. कोणी आलं तर खोका."

मला पडद्याबाहेर उभं केलं. पडद्याखालून हात यायचा, त्या मागतील ते मी त्या हातावर ठेवायची. पाना. चिंधी. पाटाच्या तुटक्या पायाचा ठोकळा. खलबत्त्यातला बत्ता. मला फक्त त्यांची पावलं दिसत आणि ठोकण्याचा आवाज ऐकू येई, हलका, एकाच जागी नाही, गोल फिरत जाणारा. एकदा मी पडद्याची कड जरा सरकवली. आतून आवाज आला, "लांबून बघ. बघणाऱ्याचं पोट भरतं आणि करणाऱ्याचं रिकामं होतं." मी कड सोडली. थोड्या वेळानं हात पुन्हा बाहेर आला. "तुझ्या अंबाड्यातला एक आकडा दे." मी दिला. केस डोळ्यांवर येत असतील असं मला वाटलं. तो आकडा काही परत मिळाला नाही.

दुपारी पडदा उतरला, पलंगपोस भिजत पडला, आणि जीजी मोरीवर बसून लिंबू आणि राखेनं नखं घासू लागल्या. हे त्यांचं व्रतच होतं. काळं एक रेघभरही राहू द्यायच्या नाहीत. त्यांच्या हातांकडे बघून कोणाला काही कळू नये, आणि तरी सगळ्यांना कळावं, अशी ती घासण्याची तऱ्हा.

रात्री जेवताना हे म्हणाले, "काय बाई आहे." मी म्हटलं, "भाजी कशी झालीय?" ते म्हणाले, "हो, बरी झालीय," आणि पुन्हा, "काय बाई आहे." ते वाक्य मला पुढची कितीतरी वर्षं ऐकावं लागलं. माझ्या पोळीला पापुद्रा सुटला म्हणून कधी त्यांनी असं मान हलवून काही म्हटलेलं मला आठवत नाही. एकदा तर मला म्हणाले, "तूही शीक ना त्यांच्याकडून." मी गेले. जीजी म्हणाल्या, "तुझे हात पोळ्यांचे आहेत गं. पोळ्या छान होतात तुझ्या." त्या कुत्सितपणे बोलल्या नव्हत्या, हेच जास्त लागलं. मी त्यांच्यावर इतकी जळत होते आणि त्यांना माझ्यात हेवा करण्यासारखं काही दिसतच नव्हतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गल्लीतल्या बायका जमल्या. जीजींच्या अंगाला त्या तेलाचा वास यायचा, गंधकासारखा उग्र, आंघोळ करूनही न जाणारा. मला वाटलं, आज कोणीतरी नाक मुरडेल. झालं उलटंच. मी तिळगूळ घेऊन फिरत होते आणि बायका जीजींना घेरून बसल्या होत्या. एकीच्या नवऱ्याच्या सायकलची साखळी सारखी उतरायची, एकीच्या शिवणयंत्राचा दोरा तुटायचा. जीजी कोणाला काही सांगत नसत. म्हणत, "आणून ठेव. बघते." कसं करायचं ते सांगायचं नाही, करून द्यायचं. ज्ञान त्यांनी कनवटीला लावलं होतं.

दादा उज्जैनहून परतले, गाडी घेऊन लोहारद्याला गेले, आले, चाकाकडे बघितलं. चाक कोरडं. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. पण पुढं एक अजब रीत पडली. चाक ओलं व्हायला लागलं की दादा जेवण झाल्यावर टोपी चढवून म्हणायचे, "मी जरा चौकात जाऊन येतो." ते बाहेर पडले की पडदा लागायचा. परत यायचे तेव्हा पडदा उतरलेला असायचा, चाक जागेवर. नवराबायकोत याबद्दल एक शब्द नाही. ते चौकात बसून पान खायचे, आणि त्यांना माहीत नाही असं आम्ही सगळे मानायचो.

पण गल्ली मानत नव्हती. ड्रायव्हर लोक ठेल्याला 'भाभीजीचा ठेला' म्हणायला लागले. एकदा चौकात कोणीतरी दादांना म्हणालं, "भिया, तुम तो खाली स्टेरिंग पकड़ते हो. गाड़ी तो भाभीजी चलाती हैं." लोक हसले. दादाही हसले म्हणे. घरी येऊन मात्र ते जेवले नाहीत. अंगणात गाडीपाशी जाऊन उभे राहिले आणि तिच्या पत्र्यावर हात ठेवून बराच वेळ तसेच थांबले. बायकोच्या अंगावर परक्याचा दागिना दिसावा तसा त्यांचा चेहरा होता.

त्या वर्षी भाऊबीजेला बापू आला. आता तो इंदूरला बस चालवायचा, खाकी कपडे, कानावर विडी. जीजींनी त्याला पाटावर बसवून ओवाळलं, त्यानं ताटात जरीचं लुगडं घातलं. बापू मनानं चांगला होता. पण तो आला की दादा एकदम मोकळे व्हायचे. "बापू, जरा गाडी बघ की. तू घरचा माणूस." त्याला पाना द्यायचे, विडी पेटवून द्यायचे, त्याच्याशी ब्रेकबद्दल आणि तेलाबद्दल बोलायचे. जे बोलणं बायकोशी करायला जीभ उचलत नव्हती ते तिच्या भावाशी चालायचं. जीजी चुलीपाशी पुऱ्या तळत होत्या. मी बघितलं, एक घाणा करपला. त्यांच्या हातून पुरी कधी करपत नसे.

बापूनं मागचं चाक उतरवलं, आत डोकावला आणि थांबला.

"दाजी, हे सील कोणी बसवलं?"

अंगणात शेजारचे दोघं-तिघं होते. माझे यजमान होते. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं.

"अहो, ही आमच्या बाबांच्या हातची बसवणी आहे," बापू म्हणाला. "चारी बाजूंनी सारखी. मला आजवर जमली नाही. कोणी केलं हे?"

दादा म्हणाले, "मीच."

बापूनं त्यांच्या पाठीवर थाप मारली. शेजारी मान डोलावू लागले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी जमिनीकडे. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला थोडं बरं वाटलं. घरात सगळ्यांच्या तोंडी असलेलं ते एक नाव निदान आज कोणाच्या तोंडी आलं नव्हतं. मग मी स्वयंपाकघरात गेले आणि ते बरं वाटणं तिथंच संपलं. जीजी कढईसमोर बसल्या होत्या. झाऱ्या हातात, तेल तापून धुरावलेलं, आणि त्या ते बघत नव्हत्या. मी कढई उतरवली. त्या म्हणाल्या, "ताटं घे." त्यांनी सगळ्यांना वाढलं. बापूला आग्रह केला, दादांना आग्रह केला. दादांनी मान वर केली नाही.

बापू गेल्यावर जीजींनी तो पलंगपोस धुतला, घडी घातली आणि माळ्यावरच्या ट्रंकेत टाकला.

थंडीत चाक पुन्हा ओलं झालं. दादा टोपी घालून चौकात गेले, परत आले. चाक ओलंच. दुसऱ्या दिवशीही गेले. मग माझ्या यजमानांनी मध्ये पडून बघितलं. "वहिनी, दादांच्या मनात तसं नव्हतं."

"कसं?" जीजींनी विचारलं. ह्यांनी ओल्या चाकाकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "ज्यांनी बसवलं त्यांनीच बसवावं. मी कशाला कोणाच्या कामात हात घालू."

दादांनी खरंच बसवलं. उघड्या अंगणात, सगळ्यांसमोर. आणि चांगलं बसवलं. ओठ आत ठेवला, ठोकळ्यानं गोल गोल ठोकलं. चौकात बसून का होईना, त्यांनीही पुष्कळ विचार केला असणार. जीजी दारात उभ्या राहून बघत होत्या, चेहऱ्यावर काही नाही. पण आठ-दहा दिवसांत तेल बाहेर आलं. दादांनी पुन्हा नवं सील आणलं, पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. ते चिडचिडे झाले. गाडीला शिव्या देऊ लागले, चामड्याला शिव्या देऊ लागले. जीजींना मात्र एक शब्द विचारला नाही.

मग धामनोदचं भाडं आलं, भुईमुगाच्या पोत्यांचं. शाळेला सुट्टी होती, माझे यजमान म्हणाले, मीही येतो, नर्मदेचं स्नान होईल. सकाळी मी त्यांना दशम्या बांधून देत होते तेव्हा जीजी गाडीपाशी आल्या. वाकल्या नाहीत. उभ्यानंच बघितलं.

"आज जाऊ नका," त्या दादांना म्हणाल्या. "डावं चाक ओलं आहे."

"सील मी बसवलंय."

"माहीत आहे. जायचंच असेल तर घाटात गिअरवर उतरा. ब्रेकवर राहू नका."

दादांनी दार ओढून घेतलं. "शिकवू नकोस," ते म्हणाले, आणि गाडी निघाली. जीजी फाटकापर्यंत मागं गेल्या. एवढ्या घाईनं कोणाच्या मागं जाताना मी त्यांना पहिल्यांदा बघितलं. काहीतरी अजून सांगायचं होतं त्यांना, पण गाडी वळली.

मानपूरच्या पुढं घाट लागतो. पहिल्या एक-दोन वळणांना ब्रेक लागला, पण गाडी उजवीकडं ओढायला लागली. मग तापलेलं तेल चाकात पुरतं पसरलं असणार. एका वळणावर दादांनी जोरात ब्रेक दाबला, डावं चाक सुटंच राहिलं आणि गाडी गर्रकन उजवीकडं फिरून डोंगराच्या अंगावर जाऊन आदळली. दरी डावीकडं होती म्हणून दोघं वाचले. दादांचा उजवा पाय मांडीत मोडला. ह्यांचं गळपट्टीचं हाड मोडलं, कपाळ फुटलं. मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्यानं दोघांना इंदूरच्या इस्पितळात पोचवलं आणि देवासला निरोप धाडला.

जीजी आणि मी बसनं गेलो. हे शुद्धीवर होते, दादांना गुंगी होती. मी ह्यांच्याजवळ बसले, त्यांच्या कपाळावरची पट्टी बघितली, आणि उठून वऱ्हांड्यात आले. जीजी भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "ते वारंवार का गळतंय ते तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग?"

"सील त्यांनी बरोबर बसवलं होतं," त्या म्हणाल्या. "चूक सीलची नव्हतीच. एक्सलच्या वर, मधोमध, हवा जायला एक बारीक भोक असतं. चिखलानं ते बुजतं. मग आत तेल तापलं की हवा कोंडते आणि तेलाला बाहेर ढकलते. कितीही चांगलं सील बसवा, गळणारच. मी आधी ते भोक मोकळं करायची."

"कशानं?"

"तुझ्या आकड्यानं."

माझा हात अंबाड्याकडे गेला. मी म्हटलं, "एवढंसं होतं ते, जीजी. एवढंसं सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

त्या माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. "सांगितलं असतं तर माझ्याकडे काय राहिलं असतं, मालती?" त्या म्हणाल्या. "बाबांनी बापूला दिलं. ह्यांनी माझं होतं ते सगळ्यांदेखत स्वतःच्या नावावर घेतलं. हे एक तेवढं कोणाला माहीत नव्हतं." मग म्हणाल्या, "सकाळी सांगणार होते. फाटकापर्यंत गेले होते."

मी आत गेले. त्या रागाचं पुढं काय झालं ते मला धड सांगता येत नाही. हे बरे झाले, खांदा थोडा वाकडा राहिला, आणि त्या वाकड्या खांद्यानिशी ते तेच म्हणत राहिले, काय बाई आहे. मी त्यांना ते भोकाचं सांगितलं तेव्हाही त्यांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग विचारलं, "पण त्यांना ते कळलं कसं असेल, खिडकीतून?"

गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणली. दादांना प्लास्टर घालून घरी आणलं आणि त्यांची खाट अंगणातच टाकली, कारण खोलीत ते कोंडल्यासारखे व्हायचे. लोहारानं पत्रा सरळ केला. मग एका सकाळी जीजींनी काच्या मारला. पलंगपोस ट्रंकेतच राहिला. त्या उघड्यावर, दादांच्या खाटेपासून चार हातांवर, चाक उतरवायला बसल्या. शेजारी जमले, दोन ड्रायव्हर आले. जीजी एकेक गोष्ट करत गेल्या आणि करताना बोलत गेल्या. तेल प्यायलेल्या पट्ट्या बदलायच्या, धुऊन पुन्हा लावायच्या नाहीत. सीलची जागा चिंधीनं नाही, बोटानं तपासायची, कारण चिंधीला कंगोरा कळत नाही. त्यांचा आवाज कोरडा होता, पाढे म्हणावेत तसा.

मग त्यांनी मला हाक मारली. "ये. खाली वाकून बघ."

मी गाडीखाली गेले. मोहरीएवढं भोक. एवढे दिवस मी त्या पडद्यामागं काय काय असेल याची कल्पना करत होते, आणि हे होतं. त्यांनी आकडा माझ्या हातात दिला आणि मी चिखल टोकरला. माझा हेवा तिथं संपायला हवा होता. संपला नाही. भोक बघून काय होणार, ते खिडकीच्या फटीतून हुडकायला लागणारे डोळे थोडेच मिळणार होते.

गाडीखालून बाहेर आले तर दादा कोपरावर उठून बघत होते.

"एवढंच होतं?" त्यांनी विचारलं.

"एवढंच," जीजी म्हणाल्या.

दादा आडवे झाले आणि त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. संध्याकाळी ह्यांना बोलावून म्हणाले, गिऱ्हाईक बघ, ठेला विकायचा. पाय सांगितला कारण म्हणून. बापूपाशी ते जे बोलले होते ते त्यांनी कधी मागं घेतलं नाही. जीजींनीही मागितलं नाही. विकायचा म्हटल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "ज्याला द्याल त्याला ब्रेकचं सांगा."

पुढं दोन-तीन वर्षांत जीजींचे वडील थकले आणि दादा-जीजी धारला राहायला गेले. तिथं त्या काय करत, कोणाची काय दुरुस्ती करत, मला फारसं माहीत नाही. सणावाराला भेट व्हायची, नखं तशीच स्वच्छ असायची. त्या वारल्या तेव्हा मी वेळेवर पोचू शकले नाही. त्यामुळे त्यांना निरोप दिल्याची आठवण म्हणून माझ्याजवळ गाडी विकली तो दिवसच उरला आहे.

लोहारद्याचा एक व्यापारी गाडी न्यायला आला होता, सोबत एक नवखा ड्रायव्हर. आमचं फाटक अरुंद, एका बाजूला निंब, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचा ओटा. ड्रायव्हरनं गाडी पुढं घेतली, मागं घेतली, ओट्याला घासली. दादा खाटेवरून ओरडून सांगत होते, डावीकडं, अरे डावीकडं. त्याला काही जमेना. जीजी घरातून हात पुसत आल्या. दार उघडून म्हणाल्या, "भिया, जरा उतरो." तो उतरला. त्यांनी पदर डोक्यावरून घेऊन दातांत धरला आणि आत चढून बसल्या. व्यापारी शेजारी बसलेला होता, तो दाराकडे सरकला. ड्रायव्हर हौद्यात चढला.

"नाक्यापर्यंत काढून देते," त्या दादांना म्हणाल्या.

दादा हो म्हणाले नाहीत आणि नाही म्हणाले नाहीत. आमच्यापैकी कोणीच जीजींना गाडी चालवताना बघितलं नव्हतं. गाडी आधी थोडी मागं आली, निंबाच्या खोडापासून वीतभर अंतरावर थांबली आणि मग एका झोकात फाटकातून बाहेर पडली. गल्लीतल्या बायका दारात आल्या. मी फाटकात जाऊन उभी राहिले. तिथून नाका दिसायचा.

"थांबली का?" दादांनी खाटेवरून विचारलं. त्यांना तिथून रस्ता दिसत नव्हता.

गाडी नाक्यावर पोचली होती. तिथं ड्रायव्हरनं खाली उडी मारून पुढं यायचं, असं ठरलं होतं. गाडी जरा हळू झाली. मग लोहारद्याच्या रस्त्याला वळली.

"नाही," मी म्हटलं. "पुढं गेल्या."

दादा म्हणाले, "गिअर बदलला?"

"बदलला."

"खरखर झाली?"

"नाही झाली."

दादांनी डोळे मिटले. मी फाटकातून हलले नाही. आत दूध उतू जात असणार, वास येत होता. रस्त्यावर धुळीशिवाय काही राहिलं नव्हतं, तरी मी त्या धुळीकडे बघत उभी राहिले, आणि मला आयुष्यात दुसरं काही नको होतं, फक्त त्या गाडीत, त्या जागी, पदर दातांत धरून मी बसलेली असायला हवी होते.